उगम नेहमीच्या जागी

"डाव्या कुशीवर वळ. हात डोक्याखाली घे," मी म्हणालो. ती वळली तशी दारात उभे असलेले तिचे वडील म्हणाले, "सायेब, हिच्या भावाचं काळीज तुमीच तपासलं हुतं. चांगलं हुतं. हिचंबी चांगलंच आसंल."

मला तिचा भाऊ आठवत नव्हता. दिवसाला पंचवीस छात्या बघणाऱ्या माणसाला चेहरे कुठून आठवणार? तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कसा आहे तो आता?"

"वारला. दोन वर्सं झाली. पळताना ऊन लागलं."

"अरेरे," मी म्हणालो आणि छातीवर फिरवायच्या प्रोबवर जेली घेतली.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि मिरजेतल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात इको करायचो, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. माझा हात भराभर चालायचा. बाकीचे डॉक्टर ज्याला पंधरा मिनिटं घेत ते मी चार मिनिटांत उरकायचो, आणि कुणी कौतुक केलं की "त्यात काय" असं म्हणून आतून सुखावायचो. 'डॉ. अभिनंदन उगारे' अशी सहीसुद्धा मी न थांबता एका दमात करत असे.

मुलीचं नाव वैजयंता सरगर. वय बावीस, जत तालुक्यातल्या एका गावची, काटक, पोलीस भरतीची तयारी करणारी. सोमवारी तिची मैदानी चाचणी होती आणि तो दिवस गुरुवारचा. आठवड्यापूर्वी गावच्या मैदानावर आठशे मीटर पळताना ती शेवटच्या टप्प्यात कोसळली होती. अर्ध्या मिनिटात उठून बसली, कपडे झटकले, पण भरती अकादमीचे सर हटून बसले की डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय पळवणार नाही. तो कागद न्यायला बापलेक सकाळच्या गाडीने आले होते.

इको चार मिनिटांत झाला. झडपा छान, पडदे छान, हृदय जोरकस. इसीजी आधीच झाला होता, तोही स्वच्छ.

"आता पट्ट्यावर पळून दाखव, मग मोकळी," मी म्हणालो.

पट्ट्याची, म्हणजे ट्रेडमिलची, तपासणी शांतवनकाका करायचे. शांतवन भोरे, हॉस्पिटलातले सर्वांत जुने तंत्रज्ञ, बोलायला सावकाश आणि नियमाला पक्के. पाच मिनिटांत ते परत आले.

"डॉक्टर, ही पोरगी अर्ध्या तासापूर्वी तीन भाकऱ्या खाऊन बसलीये."

"तुला पोटाला काही घेऊ नको असं सांगितलं नव्हतं का?" मी तिला विचारलं.

"सांगितलं हुतं सर. पण आईनं शपथ घातलीय. पळायच्या आधी खायचंच. रोज ताटापाशी बसून राहती, घास मोजती माझे."

"पट्टा म्हणजे काय शर्यत आहे का गं?"

"मी सांगितलं आईला. ती म्हणाली, पळणं ते पळणं."

काका हसले. मीही हसलो. वडील मात्र हसले नाहीत. ते टोपी काढून हातात फिरवत राहिले.

तपासणी मग दुपारी झाली. वैजयंता पट्ट्यावर अशी पळाली की काकांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत निर्दोष होता. ती उतरली, पदराने पुसावं तसं ओढणीने तोंड पुसलं, आणि मी समाधानाने म्हणालो, "चांगली ठणठणीत आहेस की. उपाशीपोटी चक्कर आली असेल तेव्हा."

"चक्कर न्हाई सर." ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून बोलली. "आधी छातीत आवळलं. कुणी मूठ धरल्यागत. सारख्या चालीनं पळताना काय हुत न्हाई, शेवटच्या शंभर मीटरला सगळा जोर काढला की हुतं. दादालाबी असंच व्हायचं. म्हणून तर त्याला हितं आणला हुता."

"वैजू," वडील म्हणाले, "त्यो उपाशी पळाला. ऊन हुतं."

"म्हाईत आहे, आप्पा."

त्यांच्या घरात हे बोलणं पुष्कळदा झालेलं असणार, कारण दोघांनाही ते कुठे थांबवायचं ते ठाऊक होतं.

आता मी काय केलं ते सांगतो. जोराने पळताना छाती आवळून तरुण माणूस बेशुद्ध पडला तर ते साधं नसतं, हे डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण समोर तीन तपासण्या नॉर्मल पडलेल्या असल्या की समोरच्या माणसाचं ऐकू येणं कमी होतं. मी कॉम्प्युटरपाशी बसलो आणि 'नॉर्मल' नावाची फाईल उघडली.

ही फाईल आमच्या खोलीची जुनी सोय होती. माझ्याही आधीच्या कुणा सिनियरने एका निरोगी हृदयाचा पूर्ण रिपोर्ट इंग्रजीत टाईप करून ठेवला होता. पेशंट नॉर्मल निघाला की ती फाईल उघडायची, नाव आणि वय बदलायचं, चार मापं बदलायची, छापायचं. बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही. सगळेच तसं करत. मी त्या फाईलवर किती सह्या केल्या असतील ते मोजलेलं नाही.

रिपोर्ट छापून आला. मी पेन उघडलं. तेवढ्यात वडील पुढे आले आणि त्यांनी बगलेतल्या प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्या टेबलावर, नव्या कागदाच्या शेजारी ठेवला. घडीवर फाटायला आलेला, पण कडा चिकटपट्टीने नीट सांधलेल्या.

"पोराचा हाय. हणमंताचा. जपून ठेवलाय. दोन्ही बगा, सारखंच हाय सगळं."

सारखंच होतं. खाली माझी सही होती, एका दमात केलेली.

"ह्यो गेला तवा," ते म्हणाले, "गावातल्या डॉक्टरनं इचारलं, काळजाचं काय दुखणं हुतं का? आमी ह्यो कागद दावला. त्यांनी वाचला आन म्हणालं, मग ऊनच. सांच्याला अग्नी दिला."

वडिलांचं नाव श्रीपती सरगर, एका साखर कारखान्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. हातांच्या रेषांत काळं तेल कायमचं बसलेलं. त्यांनी त्यातलं एक बोट दोन्ही कागदांवर फिरवत नेलं आणि खालून तिसऱ्या ओळीवर थांबवलं.

"सायेब, मला ही अक्षरं लागत्यात पण अर्थ लागत न्हाई. ही वळ काय हाय?"

"हृदयालाही रक्त लागतं, मामा. ते देणाऱ्या दोन नळ्या असतात. त्या जिथून निघायला पाहिजेत तिथूनच निघाल्यात, असं लिहिलंय. उगम नेहमीच्या जागी."

"म्हंजी तुमी ते बगितलं."

"हो," मी म्हणालो.

"मग झालं. आमच्याकडं गाडी भाईर सोडताना एक कागद भरावा लागतो. मी आधी खाली वाकून बगतो, मग खूण करतो. बगून ल्हिलं म्हंजी झालं." त्यांनी मुलाचा कागद पुन्हा घडी घालायला घेतला.

माझं पेन कागदाला टेकलेलं होतं. मी बघितलं नव्हतं. सकाळी त्या मुलीचे उगम बघितले नव्हते. त्या मुलाचे बघितले नव्हते. खरं सांगायचं तर त्या फाईलवर सही करायला लागल्यापासून मी कधीच कुणाचे बघितले नव्हते, कारण ती ओळ आधीपासून तिथे होती.

"वैजयंता," मी म्हणालो, "परत एकदा टेबलावर ये."

"का सर?"

"एक गोष्ट बघायची राहिली."

वडिलांनी घडी घालणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या न सही झालेल्या कागदाकडे.

प्रोब एका ठरावीक कोनात धरला की हृदयातून निघणारी मोठी महाधमनी पडद्यावर गोल दिसते, घड्याळाच्या तबकडीसारखी. उजवी नळी अकराच्या आसपास निघते, डावी चार-पाचच्या. बारीक अंगाच्या तरुण माणसात दोन्ही दिसायला अवघड नसतात. फक्त बघावं लागतं. अकराला नळी होती. चारच्या जागी एक रेघ दिसली आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

"हीच की," मी मोठ्याने म्हणालो.

शांतवनकाका मागे येऊन उभे राहिले होते. "रंग टाकून बघा, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "रक्त वाहतंय का तिथं?"

रंगाचं बटण दाबलं की वाहतं रक्त लाल-निळं दिसतं. मी वेग कमी केला, कोन बदलला, तिला श्वास सोडायला लावला, धरायला लावला. त्या रेघेत रंग आला नाही. ती नळी नव्हतीच, दोन पडद्यांमधली नुसती फट होती. आणि मग, जिथे काहीच नसायला हवं तिथे, महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, एक बारीक रंगीत ठिपका दर ठोक्याला उमटू आणि मावळू लागला.

मी वीस मिनिटं बघत होतो. त्या खोलीत मी कुणाकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. वैजयंता मान वळवून पडद्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

"सर, मी फिट आहे ना?"

"उद्या सीटी अँजिओ करू. तोपर्यंत पळायचं नाही. जिन्यावरसुद्धा सावकाश."

"उद्या शुक्रवार आहे. मला शनिवारी निघायला पाहिजे."

"आधी उद्याचं बघू."

ती उठून बसली. ओढणी नीट केली. "सर, माझं ऐका. आप्पांनी कबूल केलंय, यंदा एकदा भरतीचं ग्राउंड मारायचं. नाही झालं तर पोरगा बघून ठेवलाय, लगीन. मला परत संधी न्हाई. तुम्ही फिट लिहून द्या. सोमवारी पळते. मंगळवारी तुम्हाला काय करायचं ते करा."

"मंगळवार येईल असं मला वाटत नाही, वैजयंता."

हे मी नको इतकं उघड बोललो. वडिलांच्या हातून टोपी खाली पडली. ती उचलायला कुणीच वाकलं नाही. शेवटी काकांनी उचलून दिली.

शुक्रवारी सकाळी तिला ठोके कमी करायची गोळी दिली. ठोके साठाच्या खाली आले की चित्र हलत नाही. काकांनी तिला सांगितलं की औषध शिरेत गेल्यावर अंगातून गरम लाट जाईल, घाबरू नको, आणि सांगताक्षणी श्वास धर. काचेच्या अलीकडे डॉ. कल्याणी बेडगकर बसल्या होत्या, आमच्या रेडिओलॉजिस्ट. एरवी त्या चित्र बघताना सतत बोलत. त्या दिवशी चित्र आलं आणि त्यांनी न बोलता आपली खुर्ची बाजूला सरकवली, मला नीट दिसावं म्हणून.

डावी नळी, जी हृदयाच्या मोठ्या भागाला पोसते, ती उजव्या बाजूला निघाली होती. तोंड गोल नव्हतं, चिरेसारखं चपटं होतं. तिथून ती दोन मोठ्या धमन्यांच्या मधून वाट काढत डावीकडे जात होती. जन्मल्यापासून तशीच. आईच्या पोटात नळ्या जुळताना झालेली चूक. स्वस्थ बसलेल्या माणसाला ती काही करत नाही. पट्ट्यावर पायरी पायरीने वाढणाऱ्या वेगातही ती बहुतेकदा लपून राहते, म्हणून आलेख निर्दोष येतो. पण सगळा जोर काढून पळताना दोन्ही मोठ्या धमन्या फुगतात, ती मधली नळी ओढली जाते, दाबली जाते, आणि हृदय जेव्हा सर्वांत जास्त रक्त मागतं नेमकं तेव्हाच ते मिळत नाही.

"हे सहसा एकट्यादुकट्यालाच असतं," डॉ. बेडगकर म्हणाल्या. "भावंडांत क्वचित. घरात आणखी कुणी आहे का?"

"होता," मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगतो. वैजयंताचं ऑपरेशन महिन्याभराने पुण्याला झालं. नळीचं तोंड मोकळं करून दिलं. ती वाचली. पोलिसात गेली नाही. त्या वर्षी ती माझ्यावर इतकी चिडलेली होती की तपासणीला आली तरी फक्त काकांशी बोलायची. आता ती जतला मुलींना धावण्याचं शिकवते. पहिल्यांदा मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारते, जोर काढल्यावर छाती आवळते का, आणि हो म्हटलं की आमच्याकडे पाठवते. लग्न तिने स्वतःच्या पसंतीने केलं, तेही चार वर्षांनी. पण हे सगळं नंतरचं.

त्या शुक्रवारी दुपारी मी श्रीपतमामांना इकोच्या खोलीत बोलावलं आणि कागदावर दोन मोठ्या नळ्या व मधली बारीक नळी काढून दाखवली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"दोन लोखंडाच्या मधनं डिझेलची नळी नेली तर दाबणारच," ते म्हणाले. "गाडी उबी आसताना काय कळत न्हाई. घाट चढाय लागली की इंजन दम टाकतं."

"अगदी तसंच."

"दुरुस्त हुतंय?"

"होतं. पण तोपर्यंत पळायचं नाही. एक पाऊलही नाही."

"न्हाई पळायची. मी बांधून ठेवतो." ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग विचारलं, "मग हणमंताचं?"

शांतवनकाका दारातून बाहेर जायला निघाले होते, ते थांबले.

मला एक वाक्य सहज मिळालं असतं. आता सांगता येणार नाही, मामा. ते खोटंही नव्हतं. मुलाचं शरीर राहिलं नव्हतं, तपासायला काही उरलं नव्हतं. कुठल्याही कोर्टात ते वाक्य टिकलं असतं. मला फार भीती वाटत होती, नोकरीची, नावाची, समोरच्या माणसाच्या हातांची.

"त्यालाही हेच होतं का, ते आता नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो. "पण त्या कागदावर मी जे लिहिलं ते बघून लिहिलेलं नव्हतं. ती ओळ आधीच छापलेली असते. मी नाव बदललं आणि सही केली. काल तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो."

ते उठले. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार, आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. त्यांनी प्लास्टिकची पिशवी उघडली. हणमंताचा कागद काढला, टेबलावर पसरला, तळव्याने दोनदा सपाट केला. तेच बोट खालून तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"हे खोडा."

"मामा, तुम्हाला तक्रार करायची असेल तर हा कागद असाच ठेवा. मी खोडला तर..."

"तक्रारीचं मागनं बगू. तुमी ही वळ खोडा. खाली सही करा. तारीख आजची टाका."

मी पेन घेतलं. ओळीवर एक आडवी रेघ मारली. पुरेशी वाटली नाही म्हणून दुसरी मारली. खाली लिहिलं, हे तपासलेलं नव्हतं. सही केली. ती सही एका दमात झाली नाही.

त्यांनी कागद उचलून उजेडाकडे धरला.

"त्या दिशी ह्याच्या आईला भाकरी करायला उशीर झाला हुता," ते म्हणाले. "म्हैस व्यायली हुती. पोरगं थांबलं न्हाई, तसंच उपाशी पळायला गेलं. दोन वर्सं ती येकच बोलती, मी येळंवर घातलं आसतं तर ऱ्हायला आसता. मीबी तिला कधी न्हाई म्हणालो न्हाई. मलाबी तसंच वाटायचं. कागद चांगला हुता न्हवं."

मला रडू आलं. ते बघायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी कागदाची जुन्या खुणांवरून घडी घातली, पिशवीत सरकवली आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"त्याच्या आईला दाखवणार ना? त्यांना इंग्रजी वाचता येतं का?" मी विचारलं. "मी मराठीत लिहून देतो."

"तिला कुठलंच वाचाय येत न्हाई," श्रीपतमामा म्हणाले. "पण खोडलेलं कळंल."